बाळाचं डोकं होडीसारखं लांबट आहे, ऑपरेशन खरंच लागेल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साडेतीन महिन्यांचा मुलगा, जन्मापासून डोकं लांबट आणि अरुंद, कपाळ पुढे आलेलं, टाळूच्या मागे मधोमध हाताला लागणारा उंचवटा, बालरोगतज्ज्ञांनी सांगितलंय की वरची शिवण, म्हणजे कवटीच्या हाडांमधला सांधा, वेळेआधी जुळलेली वाटतेय (याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात), न्यूरोसर्जनला दाखवा. आणि घरात चार जणांची चार मतं, सासूबाई म्हणतात मालिश नीट झाली नाही, शेजारच्या काकू म्हणतात टाळू अजून उघडी आहे म्हणजे काळजी नाही, दीर म्हणतात आजकाल डोक्याला आकार देणारं हेल्मेट मिळतं तेच घालू. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, माझंच काही चुकलं का.

मी लहान मुलांच्या मेंदूची आणि कवटीची ऑपरेशन्स करतो, वीस वर्षं होत आली, आणि तो शेवटचा प्रश्न जवळपास प्रत्येक आई विचारते, कोणी तोंडाने, कोणी नुसतं डोळ्याने. म्हणून त्याचंच उत्तर आधी. नाही, तुमचं काहीही चुकलेलं नाही. ही शिवण बाळ पोटात असतानाच जुळायला लागलेली असते, तुमच्या मुलाचं डोकं जन्मल्या दिवसापासून लांबट होतं हे तुम्हीच लिहिलंय. गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात भाजी चिरली का, जिना किती चढला, बाळाला कोणत्या कुशीवर झोपवलं, मालिशवाल्या मावशींनी डोकं कमी दाबलं की जास्त, यातल्या कशानेही ही शिवण जुळत नाही. हे सासूबाईंना वाचून दाखवा, घरात हा विषय एकदाचा संपू दे, कारण पुढचे काही महिने तुम्हाला सगळ्यांची साथ लागणार आहे.

आता नेमकं झालंय काय ते सांगतो. बाळाची कवटी म्हणजे एक सलग हाड नसतं, वेगवेगळे तुकडे असतात आणि त्यांच्या मधे शिवणी असतात. कपाळाच्या मधोमध एक, टाळूपासून दोन्ही कानांकडे जाणाऱ्या दोन, टाळूपासून मागे जाणारी एक लांब मधली शिवण आणि मागच्या बाजूला दोन. मेंदू आतून वाढतो, शिवणी थोड्या थोड्या उघडतात, कडेला नवीन हाड तयार होतं, अशी कवटी मोठी होत जाते. आणि पहिल्या वर्षात मेंदू केवढ्या वेगाने वाढतो बघा, जन्मतः डोक्याचा घेर 34-35 सेंटीमीटर असतो तो पहिल्या वाढदिवसाला साधारण 46 च्या आसपास जातो. पुढच्या अख्ख्या आयुष्यात मिळून दहा-अकरा सेंटीमीटरच वाढायचे असतात. म्हणजे निम्मं काम या एका वर्षात होतं, आणि माझं सगळं उत्तर खरं तर या एका गोष्टीवर उभं आहे.

जी शिवण वेळेआधी जुळते तिच्या आडव्या दिशेला कवटी वाढू शकत नाही, मग मेंदू जिकडे जागा मिळेल तिकडे कवटी ढकलतो. हा नियम जर्मनीचे डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी 1851 मधे मांडला आणि ओपीडीत आजही आम्ही त्याच नियमाने डोकं बघून शिवण ओळखतो. तुमच्या मुलाची टाळूपासून मागे जाणारी मधली शिवण जुळलीय, त्यामुळे डोकं रुंद होऊ शकत नाही, म्हणून ते पुढे कपाळाकडे आणि मागे वाढलं. होडी उलटी घातल्यासारखं दिसतं. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, एकूण केसेसपैकी जवळजवळ निम्म्या याच असतात आणि मुलींपेक्षा मुलग्यांमधे बऱ्याच जास्त. सगळ्या प्रकारांचं मिळून प्रमाण साधारण दोन ते अडीच हजार बाळांमागे एक, म्हणजे तुम्हाला वाटतंय तेवढं जगावेगळं काही नाही, फक्त नाव कोणी ऐकलेलं नसतं. क्रॅनिओसिनोस्टोसिस.

टाळूचं एक सांगायलाच हवं कारण काकूंसारखं बोलणारे खूप जण भेटतात, कधी कधी डॉक्टर पण. टाळू उघडी असणं आणि शिवण उघडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मुलासारख्या बऱ्याच बाळांची टाळू छान मऊ, उघडी असते आणि तिच्या लगेच मागे शिवण दगडासारखी जुळलेली असते. टाळू उघडी आहे म्हणून थांबू, या वाक्याने किती बाळांचे महिने गेलेत ते मी बघितलंय. आणि याच्या उलटी भीती पण असते, सातव्या-आठव्या महिन्यात टाळू भरली म्हणून घाबरून येणारे आईबाबा, तिथे डोक्याचा आकार आणि घेर दोन्ही नीट असतील तर काहीच करायचं नसतं. डोक्याचा आकार चांगला पण घेरच खूप लहान असेल तर बहुतेक वेळा तो मेंदूच वाढत नसल्याचा प्रश्न असतो, तिथे कवटी उघडून मेंदू वाढत नाही. 1890 च्या सुमारास पॅरिसला लानलाँग आणि अमेरिकेत लेन या सर्जननी अशाच लहान डोक्याच्या मुलांच्या कवट्या उघडल्या होत्या, मेंदूला जागा दिली की तो वाढेल म्हणून, बरीच मुलं दगावली, आणि 1894 मधे न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जेकोबींनी त्यावर इतकी कडक टीका केली की त्यानंतर कित्येक वर्षं ही ऑपरेशन्स जवळजवळ बंदच पडली. म्हणून निदान आधी पक्कं व्हायला हवं, मग सुरी.

निदान आम्ही करतो ते बरंचसं बोटांनीच. आईच्या मांडीवर बाळ दूध पीत असताना मी टाळूवर बोट ठेवतो आणि हळूहळू मागे सरकवत नेतो. उघडी शिवण असेल तर बोटाला बारीक फट लागते, दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं तर हाडं किंचित हलतात. जुळलेली असेल तर एक उंच कडा लागते, होडीच्या तळाचा कणा असतो तशी, आणि कितीही दाबा, हलत नाही. मग लांबी-रुंदी मोजतो. समजा लांबी 15.4 सेंटीमीटर आणि रुंदी 10.2 आली, तर रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, म्हणजे 66. बहुतेक बाळांचा हा आकडा 75 ते 85 च्या मधे असतो. गंमत अशी की घेर मात्र चार्टवर बरोबर बसतो, कधी थोडा जास्तच भरतो, म्हणून नुसती टेप लावून 'घेर नॉर्मल' लिहिलं तर ही केस निसटते.

सीटीला घाबरू नका. थ्रीडी सीटी एकदाच, लहान मुलांच्या कमी डोसच्या सेटिंगवर, दूध पाजून कपड्यात गुंडाळून झोपलेल्या बाळाचा काही सेकंदात होतो, बऱ्याचदा झोपेचं औषध पण लागत नाही. त्यात बाकीच्या शिवणी पण दिसतात आणि आत मेंदूत दुसरं काही नाही ना ते कळतं. फॉर्म भरताना 'कमी डोस, बाळ किती महिन्यांचं' हे तोंडी पण सांगा.

हेल्मेट आणि मोहरीच्या उशीबद्दल. आपल्याकडे एका कुशीवर, एकाच बाजूला झोपून डोकं चपटं झालेली बाळं खूप येतात, मान एका बाजूला आखडलेली असेल तर जास्तच. त्यात सगळ्या शिवणी उघड्या असतात. वरून बघितलं तर ज्या बाजूला मागे चपटं, त्याच बाजूचा कान आणि कपाळ पुढे सरकलेलं दिसतं. तिथे कूस बदलणं, जागेपणी पोटावर ठेवणं, मानेचे व्यायाम, यानेच बहुतेक डोकी सुधारतात, हेल्मेट पण लागत नाही सहसा. नेदरलँडमधे 84 बाळांवर नीट चाचणी झाली, 2014 मधे आली, हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या बाळांत दोन वर्षांच्या वयाला सांगण्यासारखा फरक नव्हता. पण तुमच्या मुलाची केस ती नाही. जुळलेलं हाड बाहेरून दाबून, उशीने, मालिशने, हेल्मेटने सुटत नाही. नुसतं हेल्मेट घालणं म्हणजे बंद दाराला बाहेरून रंग देणं, आतली अडचण तशीच. हेल्मेटचा उपयोग आहे, पण ऑपरेशननंतर, ते पुढे सांगतो. आणि मालिशवाल्या मावशींना सांगा की अंगाची मालिश खुशाल करा, डोक्याला फक्त तेल लावा, दाबू नका.

बाकीचे प्रकार थोडक्यात, कारण हे दुसरंही कोणी वाचेल. कपाळाची मधली शिवण जुळली तर कपाळ त्रिकोणी होतं, डोळे जवळ वाटतात, पण ही शिवण तशीही सगळ्यांचीच पहिल्या वर्षात जुळते, त्यामुळे नुसती एक उभी रेघ हाताला लागते आणि आकार ठीक आहे, तर काही करायचं नाही. कानाकडे जाणारी एका बाजूची जुळली तर त्या बाजूचं कपाळ मागे, भुवई वर ओढलेली, नाक वाकडं वाटतं. मागची जुळणं फार कमी. आणि कानांकडे जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या जुळल्या असतील तर मी आधी बाळाचे हात-पाय बघतो, बोटं चिकटलेली आहेत का, अंगठे रुंद आहेत का, डोळे बाहेर आलेत का, कारण तिथे एपर्ट, क्रुझॉन, फायफर असे जनुकीय आजार निघतात, त्यांचा रस्ता लांब असतो, श्वास, डोळे, कान, दात सगळं बघावं लागतं. तुमच्या मुलाची बोटं, चेहरा सगळं नीट आहे असं तुम्ही लिहिलंय, एकच मधली शिवण, म्हणजे बहुधा तसं काही नाही, आणि पुढच्या बाळाला हेच होण्याची शक्यता पण अगदी कमी.

ऑपरेशन नाही केलं तर? स्पष्ट सांगतो. एकच शिवण जुळलेल्या मुलांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांत कवटीच्या आतला दाब वाढतो, लगेच नाही, हळूहळू, वर्ष-दोन वर्षांत किंवा त्यानंतर. तो वाढला तर डोकं दुखतं, चिडचिड, डोळ्यांच्या नसेला सूज, नजर जाऊ शकते, आणि लहान मूल हे सांगू शकत नाही. बाकीच्यांत दाब वाढत नाही पण आकार आपोआप सुधारत नाही, वाढीबरोबर तो डोळ्यावर जास्त येतो. केस आले की झाकेल म्हणतात, थोडं झाकतंही, पण कपाळ झाकत नाही, आणि शाळेत मुलं काय नावं ठेवतात ते मला आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी स्वतः सांगितलंय. बुद्धीचं म्हणाल तर अशी बहुतेक मुलं साध्या शाळेतच जातात, थोड्या जणांना बोलायला किंवा वाचायला उशीर होतो, त्यामुळे आम्ही शाळेत जाईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवतो.

म्हणून हे ऑपरेशन करावं असंच मी सांगेन, आणि कधी करायचं त्यावर कोणतं करायचं ते ठरतं. हा मुद्दा नीट वाचा.

तीन-चार महिन्यांच्या बाळाचं हाड कागदासारखं पातळ आणि वाकणारं असतं. त्या वयात दुर्बिणीने करता येतं, 1998 मधे अमेरिकेत हिमेनेझ आणि बरोन या दोघांनी ही पद्धत मांडली. टाळूच्या मागे एक आणि डोक्याच्या मागच्या बाजूला एक असे दोन-तीन सेंटीमीटरचे दोन छेद, मधून दुर्बीण घालून जुळलेल्या शिवणीची पट्टी काढून टाकायची. तासभराचं काम, रक्त कमी जातं, एक-दोन रात्रींत घरी. मग पुढचं काम मेंदू स्वतः करतो, रुंदीला मोकळी जागा मिळाली की तो पसरतो, आणि हेल्मेट त्याला पुढे-मागे जाऊ देत नाही, बाजूला जाऊ देतं. ते हेल्मेट मात्र दिवसातले 23 तास, बाळ साधारण वर्षाचं होईपर्यंत, आणि डोकं वाढतं तसं दोन-तीन वेळा नवीन. स्वीडनच्या गोथेनबर्गमधे सर्जन लॉरिट्झन यांनी हेल्मेटऐवजी हाडाच्या दोन कडांमधे स्प्रिंग बसवायची पद्धत काढली, त्यात काही महिन्यांनी स्प्रिंग काढायला दुसरं छोटं ऑपरेशन लागतं.

सहा महिने उलटले की हाड जाड होतं, वाकत नाही, मेंदूचा जोरही थोडा मंदावतो, मग दुर्बिणीचा तेवढा उपयोग होत नाही. मग मोठं ऑपरेशन, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नागमोडी छेद, म्हणजे पुढे केसात व्रण दिसत नाही, हाडाचे तुकडे काढायचे, बाहेर टेबलवर आकार द्यायचा, परत बसवायचे, विरघळणाऱ्या पट्ट्या आणि स्क्रूने. तीन ते पाच तास, रक्त जवळजवळ नेहमीच द्यावं लागतं. हेही चांगलं ऑपरेशन आहे, निकाल उत्तम येतात, हेल्मेट लागत नाही, आणि काही आईबाबा हेल्मेटचं जमणार नाही म्हणून समजून-उमजून हेच निवडतात. त्यात कमीपणा काही नाही. फक्त निवड तुमची असावी, उशीर झाला म्हणून गळ्यात पडलेली नसावी.

माझ्याकडे एक मुलगा चौदाव्या महिन्यात आला होता. आई पहिल्या महिन्यापासून सांगत होती डोकं वेगळं आहे, तिला कधी उशी बदला, कधी बघू पुढच्या डोसला, असं करत तेरा महिने फिरवलं गेलं. त्याचं मोठं ऑपरेशन केलं, दोनदा रक्त लागलं, हाडातल्या ज्या फटी लहान बाळात आपोआप भरतात त्यातली एक त्याची पूर्ण भरली नाही. मेंदूच्या वरचं आवरण पहिल्या वर्षात नवीन हाड भराभर बनवतं, नंतर ती ताकद कमी होते. मुलगा छान आहे, शाळेत जातो, पण त्या आईचा पहिल्या महिन्यातला शब्द कोणी ऐकला असता तर त्याचं काम दोन छोट्या छेदांत झालं असतं. ते मला अजून टोचतं. तुमचं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे, म्हणजे इमर्जन्सी नाही, आज रात्री धावायचं नाही, पण भेट पुढच्या महिन्यावर ढकलायची पण नाही. या आठवड्यात दाखवा.

धोके सांगायलाच हवेत. बरोबर त्या शिवणीच्या खाली मेंदूतलं रक्त परत नेणारी सगळ्यात मोठी शीर असते, तिला धक्का लागला तर रक्तस्राव. सात किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच साधारण साडेपाचशे मिलीलीटर असतं, आपल्या पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा थोडं जास्त, त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारं रक्त त्याच्यासाठी किरकोळ नसतं. म्हणून जुळणारं रक्त आधीच तयार ठेवतो, रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतो, सुई टोचायच्या आधी खोली गरम करतो कारण बाळ गार पडलं की रक्त गोठत नाही. शिवाय दोन-तीन महिन्यांच्या वयात सगळ्याच बाळांचं हिमोग्लोबिन निसर्गतः खाली असतं, ते आधी तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टर लोहाचे थेंब देतील. अशी ऑपरेशन्स नेहमी होतात तिथे जीवाला धोका फार फार कमी आहे, आणि त्यात सर्जनइतकाच भूलतज्ज्ञाचा हात असतो हे लक्षात ठेवा.

ऑपरेशननंतरचं एक आधीच सांगून ठेवतो कारण तेव्हा आया घाबरतात. मोठ्या ऑपरेशनला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा सुजतो, दोन्ही डोळे पूर्ण मिटतात, बाळ ओळखू येत नाही. दुर्बिणीत हे फारसं होत नाही. डोळ्याला काही झालेलं नसतं, सूज खाली उतरते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी एक डोळा किलकिला उघडतो. तोपर्यंत त्याला दिसत नाही, पण ऐकू येतं, वास येतो. एक आई सारखी नुसती रडत होती, नर्सने तिला सांगितलं तुम्ही रोज झोपवताना म्हणता ते म्हणा, ती म्हणायला लागली तसं बाळाने मिटल्या डोळ्यांनी मान तिच्याकडे वळवली आणि हात वर केला. अंगावरचं दूध लगेच चालू करतो, बहुतेक त्याच दिवशी.

हेल्मेटचं आपल्या हवेत जड जातं, खोटं नाही सांगणार. पहिला आठवडा बाळ किरकिरतं, घाम येतो, आणि उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे तर फारच. दिवसातला जो एक तास मोकळा असतो त्यात आंघोळ, डोकं पूर्ण कोरडं करा, हेल्मेट आतून पुसून वाळवा, तेल अजिबात लावू नका कारण ते घसरतं आणि पुरळ येतं. लाल डाग अर्ध्या-पाऊण तासात गेला तर ठीक, नाही गेला तर हेल्मेटवाल्यांकडे त्याच दिवशी, घरी कापूस कोंबून जुगाड करायचा नाही.

डॉक्टर निवडताना मोठ्या नावाच्या मागे न जाता विचारा की तुम्ही वर्षाला अशी किती बाळं करता, लहान मुलांचे भूलतज्ज्ञ आणि मुलांचं आयसीयू आहे का, हेल्मेट कोण बनवतं आणि दर दोन-तीन आठवड्यांनी ॲडजस्ट कोण करून देतं, प्लास्टिक सर्जन सोबत असतात का. नीट डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. खर्चाचं म्हणाल तर सरकारी मेडिकल कॉलेजात आणि खासगीत खूप फरक पडतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलमधे आरोग्यमित्र बसतात, निदानाचा कागद दाखवून त्यांच्याकडून आधी लेखी विचारून घ्या, हेल्मेटचा खर्च वेगळा धरा.

ऑपरेशन झालं की संपलं असं पण नाही. टाके निघाल्यावर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग दरवर्षी, शाळेत जाईपर्यंत तरी. दर वेळी घेर, लांबी-रुंदी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी, कारण दाब परत वाढत असेल तर तो आधी तिथे दिसतो. थोड्या मुलांना दुसरं ऑपरेशन लागतं. मधे कधी वारंवार उलट्या, सुस्ती, सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून रडणं, डोळे तिरळे होणं असं दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

आणि आज एक काम करा. आंघोळीनंतर केस ओले चपटे असताना बाळाला मांडीवर बसवून बरोबर वरून फोटो काढा, नाकाचं टोक दिसेल असा, मग एक समोरून, दोन बाजूंनी. तारीख टाकून ठेवा, दर पंधरा दिवसांनी तसेच काढत जा. जाताना हे फोटो आणि जन्माच्या आठवड्यातले जुने फोटो पण न्या, लसीकरणाच्या पुस्तकात घेराचे आकडे लिहिलेले असतील तर ते पुस्तक, आणि सीटी झाला असेल तर फक्त रिपोर्टचा कागद नको, सीडी न्या, आम्हाला चित्रं स्वतः फिरवून बघायची असतात.